दोन अक्षरांना एक बॅकस्पेस

कागदाला समास सोडणं ही संस्कृती आहे, आणि एखाद्या समाजाची संस्कृती जायला लागते तेव्हा सगळ्यात आधी त्याचा डावीकडचा समास जातो. हे वाक्य मी भिवंडीच्या कासार आळीतल्या प्रगती टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये दर सहा महिन्यांनी, प्रत्येक नव्या बॅचसमोर, गंभीर चेहऱ्याने म्हणत आलो. सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी ठाण्याच्या एका कंपनीला माझा बायोडेटा पाठवला. डावीकडे दीड इंच, उजवीकडे एक. अकरा वाजून चौदा मिनिटांनी नकार आला. समास शाबूत होते.

चार मिनिटं म्हणजे किती, हे मला इतरांपेक्षा जरा जास्त नेमकं सांगता येतं. तीसच्या स्पीडचा विद्यार्थी चार मिनिटांत एकशेवीस शब्द टाइप करतो, चाळीसचा एकशेसाठ. माझ्या बायोडेट्यात चारशे बारा शब्द होते. म्हणजे पलीकडे जो कोणी होता तो शंभराच्या वर वेगाने ते वाचून, त्यावर विचार करून, खेद वाटून घेऊन, तो खेद सुबक इंग्रजीत कळवून मोकळा झाला होता. मी खुर्चीत बसून राहिलो. खालच्या रस्त्यावर टेम्पोवाला कोणाला तरी बाजूला हो म्हणून हॉर्न देत होता आणि तो माणूस होत नव्हता. चौपन्न वर्षांत मी स्वतःसाठी केलेला हा पहिला अर्ज. दुसऱ्यांचे केले त्यांची मोजदाद नाही. रेशनकार्डात नाव घालायचे, मीटर बदलून मिळायचे, लूमवरच्या, म्हणजे यंत्रमागावरच्या, माणसांचे गावी जायच्या रजेचे. मुलीला दोन दिवस माहेरी पाठवा म्हणून व्याह्यांना एक, तोही 'विषय' घालून. गिऱ्हाईक बाकावर बसून तावातावाने बोलायचं, मधूनच रडायचं, आणि मी ते सगळं 'सविनय' करून द्यायचो. एकदा गोरखपूरकडचा एक कामगार टाइप केलेला कागद उलटसुलट करून पाहून म्हणाला होता, "मास्टरजी, लिखा तो ठीक है, मगर चारों तरफ थोडा अच्छा सा बॉर्डर मार दो. खाली खाली लगता है." कागद रिकामा वाटू नये, ही त्याची अपेक्षा मला तेव्हाही योग्य वाटली होती.

"आला का रिप्लाय?" आतून वल्लरीने विचारलं. वल्लरी माझी मुलगी. ती घरूनच काम करते, कानाला हेडफोन लावून. तिचं काम म्हणजे एका मोठ्या कंपनीसाठी माणसं निवडणं. "आला," मी म्हणालो. "इतक्यात?" म्हणत ती बाहेर आली, माझ्या खांद्यावरून पडद्यात डोकावली आणि तिच्या तोंडून "बाबा!" असं निघालं. तिच्या लहानपणी मी तिच्या शाळेच्या गॅदरिंगला टोपी घालून गेलो होतो तेव्हा निघालं होतं, अगदी तसंच. "बॉर्डर केलीय तुम्ही. डबल लाइनची. आणि हे सगळं टेबलमध्ये आहे. फोटोपण आहे!" मी म्हणालो, सहा कॉलमचं स्टेटमेंट आहे, सरकारी परीक्षेत याला चाळीस मार्क असायचे. "बाबा, हे माणूस वाचत नाही. आधी सॉफ्टवेअर वाचतं. त्याला टेबल दिसत नाही, चौकट दिसत नाही. थांबा, दाखवते त्याला काय दिसतं ते." तिने सगळं उचललं आणि एका कोऱ्या पडद्यावर ओतलं. ओतलं हाच शब्द. माझे सहा कॉलम एकमेकांवर कोसळले होते, बी.कॉम.च्या पुढे घरचा पत्ता, पत्त्याच्या पुढे दहावीची टक्केवारी, आणि 'अनुभव' या शब्दाच्या पुढे काहीच नाही. माझी अठ्ठावीस वर्षं पाच ओळी खाली, 'छंद' या शब्दाला चिकटून पडली होती. "म्हणजे त्याच्या दृष्टीने तुमचा अनुभव शून्य," वल्लरी म्हणाली. ते तिने प्रेमाने म्हटलं, हे इथे नोंदवलं पाहिजे.

नोकरी मला हवी होती ती शुभदाच्या गुडघ्यांसाठी. शुभदा, माझी बायको, महापालिकेच्या शाळेत शिकवते. तिचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे आणि शाळेला लिफ्ट नाही. इन्स्टिट्यूट बंद झाल्यापासून घर तिच्या पगारावर चालतं आणि मी, तिने शेजाऱ्यांना सांगितल्याप्रमाणे, 'सध्या घरी' असतो. वल्लरीचा पगार वल्लरीचा आहे असं आम्ही दोघांनी ठरवलेलं आहे, आणि वल्लरीनेही. स्वेच्छानिवृत्तीसाठी शुभदाचा अर्ज मी गेल्या दिवाळीतच टाइप करून ठेवला. कपाटाच्या खणात आहे, सहीसकट. फक्त तारीख घातलेली नाही. मला काहीतरी मिळालं की तारीख घालायची, असं न बोलता ठरलेलं आहे. संध्याकाळी शाळेतून आल्यावर ती आमच्या जिन्याच्या वळणावर थांबते. थांबते आणि कोणाशी तरी फोनवर बोलत असल्यासारखं करते. मी दार उघडून उभा असतो आणि फोन संपायची वाट बघत असल्यासारखं करतो.

नकाराची हकिकत ऐकून ती चहा गाळता गाळता म्हणाली, "चार मिनिटं तरी घेतली त्यांनी. मी तुमचा कागद एकदा बघितला आणि फसले." हे खोटं आहे. कागद माझा नव्हता, तिचाच होता. शहाण्णव साली तिचे वडील तिच्या लग्नाचा बायोडेटा टाइप करून घ्यायला आले होते. मूळ प्रत आणि चार कार्बन. बरोबर ती होती, हातातल्या छत्रीच्या मुठीकडे बघत उभी. मी कागद चढवला, कॅरेज मधोमध चाळीसवर आणला आणि तिचं नाव मनात मोजलं. मथळा मधोमध आणायची आमची रीत अशी, की मध्यावर उभं राहायचं आणि दर दोन अक्षरांना एक बॅकस्पेस देत मागे यायचं. शिवाय मथळ्याच्या प्रत्येक अक्षरामागे एक जागा सोडायची, म्हणजे अक्षरं एकमेकांना न खेटता, लग्नाला उभी असल्यासारखी दिसतात. तिचं नाव कागदावर बरोबर मधे बसलं. "मधोमध कसं आलं? पट्टी तर लावली नाही तुम्ही," असं ती वडिलांना न विचारता मला म्हणाली. कार्बन मी चार नाही, पाच लावले होते. पाचवी प्रत फिकी येते, पण वाचता येते. ती अजून माझ्याकडे आहे, आणि तीत तिची उंची अर्धा इंच जास्त लिहिलेली आहे हेही मला माहीत आहे.

इन्स्टिट्यूट पहिल्या मजल्यावर होती आणि खाली, मागे, बाजूला लूम. भिवंडीत तेव्हा खटखट ऐकू येत नसे. ती बंद झाली की ऐकू यायची. आमच्या वीस मशीनांचा आवाज त्या आवाजात मुरून जायचा आणि मुलं नकळत लूमच्या तालावर टाइप करायची. शुक्रवारी लूम बंद. शुक्रवारी अख्ख्या वर्गाचा स्पीड चारपाच शब्दांनी पडायचा. मी बरीच वर्षं त्याचं खापर आळसावर फोडलं. मग एका शुक्रवारी, कोणीच नसताना, स्वतः टाइप करून बघितलं आणि माझाही पडला. इतकी शांतता होती की ओळ संपत आल्याची घंटी माझ्या छातीत वाजल्यासारखी झाली, आणि मी दचकून मागे बघितलं. मागे भिंत होती, तिच्यावर मीच लावलेला बोटांचा तक्ता: करंगळीला ए, अनामिकेला एस. आता आमच्या बाजूचे बरेच लूम भंगारात गेले, मशीनंही त्याच वाटेने गेली. टायपिंगची परीक्षा कॉम्प्युटरवर आली. मी चार कॉम्प्युटर आणून पाहिले, पण कॉम्प्युटरवर मथळा मधे आणायला एक बटण असतं, आणि जे एका बटणात होतं ते सहा महिने शिकायला कोण येईल. टाइपरायटरांपैकी एक गोदरेज मी घरी आणली. तिच्यावर वल्लरी इस्त्रीचे कपडे ठेवते.

बुधवारी वल्लरीने पूर्ण्याच्या एका गोदामाची जाहिरात आणली. पूर्णा म्हणजे अंजूर फाट्याच्या पुढे. पूर्वी भातशेती, आता मैलभर नुसते निळे पत्रे. पद डॉक्युमेंटेशन असिस्टंट, वयाची अट नाही. "हे तुमच्यासाठीच आहे, बाबा. पण मी सांगते तसंच करायचं." मी विद्यार्थ्यासारखा बसलो. चौकट काढा. काढली. टेबल मोडा. मोडलं. फोटो नको. रेघा नकोत, ठळक नको, वरच्या पट्टीत नाव नको, सगळं डावीकडून, एकाखाली एक. "जाहिरातीत जे शब्द आहेत तेच वापरायचे. त्यांनी 'डेटा एन्ट्री' म्हटलंय, तुम्ही 'टंकलेखन' म्हटलंत तर त्याला कळत नाही." मी विचारलं, आणि जे शब्द जाहिरातीत नाहीत पण माझ्याकडे आहेत, त्यांचं काय करायचं? "ते ठेवा तुमच्याकडेच," ती म्हणाली, आणि मग आपण काय म्हणालो ते ऐकू आल्यासारखी थोडी थांबली. मी विचारलं, "तुझ्याकडे रोज किती येतात?" "चारशे. कधी पाचशे." "तू किती वाचतेस?" "मला वीस दिसतात, बाबा. बाकीचे माझ्यापर्यंत येतच नाहीत." हे ती भाजीवाल्याने आज मेथी आणली नाही या सुरात म्हणाली. मला त्या तीनशेऐंशींपैकी प्रत्येकाच्या मागे एकेक जिना दिसायला लागला, आणि प्रत्येक जिन्याच्या वळणावर कोणीतरी फोनवर बोलत असल्यासारखं करतंय. मी पाणी प्यायलो.

संपलेला कागद मी बघितला. एक पान. सगळं डावीकडे सरकलेलं. बोट कलली की माणसं एका काठाला जातात तसं. खरं सांगायचं तर खोटं एक अक्षर नव्हतं त्यात, पण तो मी होतो असं म्हणायला जीभ उचलेना. वल्लरीची मीटिंग होती. ती आत गेली आणि दार लावलं. मला वाटलं, नाव तरी. बाकी सगळं वल्लरीच्या म्हणण्यासारखं करतो, पण वरचं नाव तरी माणसासारखं उभं राहू दे. चौकट नाही, रेघ नाही, काही नाही. मी मध्यावर उभा राहिलो, मनात मोजलं, बोटं आपोआप हलली. एस, जागा, यू, जागा, डी. सुधीर कर्णिकची बारा इंग्रजी अक्षरं, प्रत्येकामागे एक जागा. नाव बरोबर मधे बसलं. किती महिन्यांनी काहीतरी नीट झाल्यासारखं वाटलं. मी अर्ज पाठवला.

जेवायच्या आधी वल्लरी म्हणाली, "बघू, एकदा तपासून बघते कसं वाचतंय." तिच्याकडे तपासायची सोय आहे; सॉफ्टवेअर जे वाचणार ते आधीच दाखवते. तिने ते दोनदा चालवून बघितलं. "बाबा, नावाला हात लावलात?"

"फक्त मधे घेतलं."

"नाव एस. आडनाव के," ती म्हणाली. "मधल्या दहा अक्षरांचं त्याने काय केलं, ते त्यालाच माहीत. जागा सोडल्यामुळे प्रत्येक अक्षर त्याला वेगळा शब्द वाटलं असणार. पाठवलात?"

"पाठवला."

"एका पदाला सहा महिन्यांत एकच अर्ज घेतात ते." ती रागावेल असं वाटलं होतं. ती खाली बसली. "माझ्याकडे आला असता तर मी काढून दिला असता वर," ती म्हणाली, आणि मग, "नसता दिला खरं. मला दिसलाच नसता." स्वयंपाकघरातून शुभदाने विचारलं, काय झालं? आम्ही दोघं एकदम म्हणालो, काही नाही. शुभदा दारात आली, एक हात चौकटीला धरून. तिला सगळं ऐकू गेलं होतं. "जेवायला चला, एस. के.," ती म्हणाली.

गुरुवारी मी जुना बायोडेटा काढला, दुहेरी चौकटीचा, सहा कॉलमचा. धामणकर नाक्यावर प्रिंट घेतली, कोपऱ्यात फोटो चिकटवला आणि रिक्षात बसून पूर्ण्याला गेलो. काय करायला, ते मला नीट सांगता येणार नाही. चूक दुरुस्त करायला माणूस जिथे चूक झाली तिथे जातो; ही चूक कुठे झाली होती ते मात्र कळत नव्हतं. निदान गोदाम कुठे आहे ते माहीत होतं. गेटवर उत्तरेकडचा एक वॉचमन होता. "अपॉइंटमेंट है क्या?" मी म्हटलं, अर्ज देना है. त्याने हात पुढे केलाच नाही. "कागज नहीं लेते, चाचा. ऑनलाइन करो." मी म्हटलं, ऑनलाइन किया, उसमें नाम गलत चला गया. "किसका नाम?" "मेरा." त्याने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. स्वतःचं नाव चुकवणाऱ्या माणसाला डॉक्युमेंटेशनमध्ये घ्यावं का, हा प्रश्न त्यालाही पडला असावा. मागे एक कंटेनर येऊन धूर सोडत थांबला आणि मी बाजूला झालो.

"कर्णिक सर ना तुमी?" केबिनमधून एक पस्तिशीचा, गळ्यात जाड साखळी, पांढऱ्या शर्टातला माणूस बाहेर आला. "वलखलं न्हाय? हितेश. पूर्ण्याचा. थर्टीला तीन टायमाला नापास."

"चार," मी म्हणालो.

"चौथ्याला बसलोच न्हाय, सर. गैरहजर," तो म्हणाला, आणि माझ्या हातातला कागद काढून घेतला. वाचला नाही. चौकटीवरून अंगठा फिरवला, एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत. "आजीच्या अर्जाला पन असाच बॉर्डर व्हता. तिच्या पेटीत हाय अजून त्याची कापी."

पुतळाबाई. मला अर्ज आधी आठवला, बाई नंतर. अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव असेल. नवरा गेलेला, दीर सातबाऱ्यावर तिचं नाव लागू देत नव्हते. हातात सुक्या करंदीची, म्हणजे बारीक कोळंबीची, पिशवी, कपाळ मोकळं, आवाज वर्गातल्या वीस मशीनांच्या वर. "मास्तर, असा कागद करा, का सायबाचा फेकाया हातच झाला न्हाय पायजे." तो मी तीनदा केला होता. एका अक्षराची शाई जरा फिकी आली म्हणून तिसऱ्यांदा. भोवती लाल-काळ्या रिबनची दुहेरी चौकट, मधे विषय, प्रत्येक अक्षरामागे एक जागा. त्या दिवशी लूमच्या तालावर ती चौकट मारत असताना मला वाटलं होतं, आपल्याला एवढंच येतं, आणि एवढं पुरेसं आहे. त्यानंतर तो कागद कोणी फेकला नाही. नाव लागलं. आणि आज मला इतक्या वर्षांनी त्या गेटवर उभं राहून कळत होतं की मी आयुष्यभर जे केलं ते फेकणाऱ्या हातासाठी केलं. पलीकडे हात असणार हे मी धरूनच चाललो होतो.

"ही जमीन तीच," हितेश म्हणाला. "आजीची. भाड्यानं दिलीय. म्हून गेट आमच्याकडं, गेटवरची मान्सं पन आमची."

"कशा आहेत त्या?"

"हाय ना! मला शिव्या देती रोज. टायपिंग सोडलास म्हून." मग तो जरा हळू बोलला. "सर, ते आतलं डॉक्युमेंटेशन माझ्या हातात न्हाय. ते बेंगलोरचा कंप्युटर ठरवतो. पन गेटचं गाडी-रजिस्टर माझं हाय. गाडी नंबर, टाइम, माल, सही. कंप्युटरात बी भरतात, पन लाइट गेली का सगळे रजिस्टरलाच येतात. आदीचा मानूस गेला गावाला. त्याचं अक्षर त्यालाच लागत नव्हतं. कराल? तुमच्या लायकीचं न्हाय, पन..."

"हाताने लिहायचं?"

"हातानंच."

सोमवारपासून जायला लागलो. ड्युटी आठ ते पाच. घरी सांगितलं तेव्हा वल्लरी हसली, मग डोळे पुसून पुन्हा हसली. "कुठला कीवर्ड चालला, बाबा?" मी म्हणालो, करंदी. शुभदा आत गेली. कपाटाचा खण उघडल्याचा आवाज आला. तिने अर्ज काढला, टेबलावर ठेवला आणि मी मोकळ्या सोडलेल्या जागेत स्वतःच्या हाताने तारीख घातली. जागा मी जरा जास्तच सोडली होती. "मधोमध आली का बघा," ती म्हणाली. आली नव्हती. मी आली म्हणालो.

केबिनमध्ये एक टेबल आहे, एक पंखा आणि एक खिडकी. रजिस्टर चांगलं जाड आहे. समास सोडावा लागत नाही, तो लाल रेघेत छापूनच येतो. दुपारी गाड्या कमी असतात तेव्हा मागच्या एका शेडमधून पट्ट्यांवर खोके सरकल्याचा एकसारखा आवाज येतो, आणि मधूनच माझी बोटं टेबलावर हलतात. हितेशने दोनदा पाहिलंय.

एकोणिसाव्या दिवशी, दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी, मी एका कंटेनरचा नंबर लिहून घेत असताना मेल आला. 'प्रिय एस, आमच्या पूर्णा येथील गोदामात काम करण्यात आपण दाखवलेल्या रसाबद्दल आभार. आपल्या पात्रतेचा काळजीपूर्वक विचार केल्यानंतर...' खाली लिहिलं होतं की या पत्त्यावर उत्तर पाठवू नये. ड्रायव्हर सहीसाठी थांबला होता. मी त्याची सही घेतली आणि वेळ लिहिली.

डॉक्युमेंटेशन असिस्टंटची जागा अजून रिकामी आहे. माझ्या खिडकीतून ती खुर्ची दिसते. तिच्यावर सध्या वॉटर कूलरचा खोका ठेवलेला असतो.